लाकडी माशाचे खवले

मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा सुतार. नांगर, गाड्यांची चाकं, पाळणे ही माझी कामं. लाकडाचा मासा करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण गोऱ्यांच्या अमदानीत पाहणीच्या कामावर आलेला एक साहेब तापीकाठी तंबू ठोकून राहिला आणि त्याला गळाने मरळ धरायचा नाद होता. त्याच्या गळाला किड्याऐवजी रंगवलेला लाकडी मासा असे. तो खडकावर आपटून फुटला, तेव्हा साहेबाने तुकडे माझ्यापुढे ठेवले आणि हुबेहूब तसाच करून मागितला.

कोरणं सोपं होतं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं, पोटात शिसं ओतलं. पोट पांढरं राहावं म्हणून त्यावर खळीने कागदाची पट्टी चिकटवली आणि पाठ हिरवी केल्यावर ती सोलून काढली. डोळ्याचा गोल बोरूच्या पोकळ टोकाने उठवला. अडलं ते खवल्यांपाशी. कुंचल्याने काढलेले खवले घरावरच्या कौलांसारखे दिसत. मग सुचलं, अंगावर जाळी ताणून वरून रंग टिपला तर? मासेमारीच्या जाळ्याची भोकं फार मोठी होती आणि पिठाची चाळणी वाकेना. हट्टाला पेटलो की मला दुसरं काही दिसत नाही.

आमच्या पेटीत एक बारीक जाळी होती. लग्नानंतर सासूबाईंनी ती खांडबाऱ्याच्या बाजारातून आणली आणि काठ शिवून लेकीला दिली, पाळण्यावर घालायला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझ्या हातचे पाळणे गावभर हलत होते. आमच्या घरात मात्र जाळी कडुनिंबाच्या पाल्यात घडी घालून ठेवलेली. दर दिवाळीला बायको ती उन्हात घाली आणि परत ठेवी.

त्या दिवशी बायको नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी जाळी काढली. काठ चांगले शिवलेले, ते कशाला बिघडवा म्हणून मधूनच वीतभर तुकडा कापला. शहाणपणाची हद्दच झाली. काठ शाबूत राहिले आणि जाळी कामातून गेली.

ती आली तेव्हा मासा फळीवर वाळत होता. माझी चूक मला तेव्हाच कळली होती, पण चूक कळली की माणूस जास्तच ताठ होतो. मी म्हणालो, "पडूनच तर होती. कुठे पाळणा हलतोय?"

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. उरलेली जाळी घडी करून तिने पेटीत ठेवली.

पुढे साहेबाने आणखी मासे मागितले. जाळी ताणून धरायला दोन हात लागतात आणि रंग टिपायला तिसरा. एकदा माझी धडपड बघून ती समोर येऊन बसली आणि तुकड्याची दोन टोकं तिने धरली. मग दर वेळी बसू लागली. रंग सुकेपर्यंत तिचा हात हलत नसे. मी समजलो, राग गेला. विषय काढायला नको म्हणून मीही गप्प बसलो. साहेबाने खवल्यांची तारीफ केली, तीही मी तिला घरी येऊन ऐकवली.

साहेब गेला. पाळणा आमच्या घरात कधी बांधला गेला नाही.

खूप वर्षांनी, ती अंथरुणाला खिळल्यावर, पांघरूण शोधताना पेटीतली ती जाळी माझ्या हाती लागली. मधलं भोक तसंच होतं. ती बघत होती. म्हणाली, "तुम्ही माले इचारं असतं ते मीच कापी दिन्ही असती."

मी जाळी घडी करून परत पेटीत ठेवली. साहेबाला मी माशाचा डोळा काळा करू की पिवळा, तेसुद्धा विचारून करत असे.