रेघमास्तर

कारखान्यात सगळे त्याला रेघमास्तर म्हणत. तिथे पत्र्याच्या डब्यांची झाकणं लेझरने सांधली जात, आणि तो किरण बरोबर सांध्यावर आणून ठेवणं हे त्याचं काम. त्याने लावलेल्या मशीनची सांध्याची रेघ केसभर सरकत नसे. माणूस मात्र एक नंबरचा हट्टी.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची वाट कळावी म्हणून सोबत एक लाल ठिपका सोडतात, आणि डोळे जपायला दिलेल्या जाड हिरव्या चष्म्यातून नेमका तो ठिपकाच दिसेनासा होतो. म्हणून तिथले सगळे मेकॅनिक चष्मा कपाळावर चढवत आणि एक डोळा मिटून काम करत. "एक डोळा कंपनीचा, एक घरचा," असं म्हणत आणि वर हसतही. डोंबलाचं हसणं.

एकदा बंद समजलेला किरण चालू होता. दुखलं काहीच नाही. आत काहीतरी टचकन फुटल्यासारखं झालं आणि उजव्या डोळ्यासमोर मधोमध करडा डाग बसला. शहाण्या माणसाने तिथेच कामाला हात जोडले असते. याने तोंडातून ब्र काढला नाही, नुसता डोळा बदलला. कळलं तर गेटवर बसवतील, ही धास्ती. पुढे एका चकचकीत झाकणावरून किरण उसळला आणि डाव्या डोळ्यातही तसाच डाग बसला. लपतछपत गाठलेल्या डॉक्टरने सांगितलं, "हे भरून येत नाही."

तेव्हापासून ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होई. आजूबाजूचं सगळं शाबूत. तो ठिपक्याच्या बाजूला बघून मशीन लावायला शिकला. पण रेघ हलू लागली होती, आणि फोरमन हल्ली झाकणं उलटीपालटी करून बघत असे.

घरी बायको वेगळाच हिशेब मांडत होती. एका संध्याकाळी तिने जेवणाचं ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि तिथेच बसली.

"तुम्ही माझ्याकडे बघून का बोलत नाही?"

"बघतोच आहे की."

"खिडकीकडे बघताय. कधी खिडकी, कधी भिंत. दुसरी कोणी असेल तर सांगून टाका एकदाचं."

खिडकीकडे बघितलं तरच तिचा चेहरा कडेला दिसतो, एवढंच सांगायचं होतं. पण मग तिने सकाळीच कारखाना गाठला असता. आता नोकरी गेली तर या डोळ्यांना दुसरी कोण देणार? त्याने मान वळवली आणि तिला हवं होतं तसं सरळ तिच्याकडे बघितलं. केस राहिले, कान राहिले, खांदे राहिले. मधलं सगळं गेलं.

"कोणी नाही गं," तो म्हणाला.

"आता कसं सरळ बघितलंत," ती म्हणाली. नुसत्या आवाजावरून ती हसतेय की रडतेय ते त्याला कळेना, आणि विचारायचीही सोय नव्हती.