तंबूची गाठ

मी ओट्यावर भाकऱ्या थापत होते आणि हे अंगणात तंबू गुंडाळत होते. दोरी सापडेना, म्हणून यांनी माझ्या जुन्या परकराची नाडी घेतली आणि दातांनी ओढून निरगाठ मारली. "आता पावसाळ्यानंतरच सोडू," म्हणाले.

पावसाळा संपायच्या आत हे गेले. त्याला तीन वर्षं झाली. ती गाठ मी कोणाला सोडू दिली नाही.

काल नातीच्या हट्टाखातर तोच तंबू घेऊन आम्ही सगळे, मुलगा, सून, नात आणि मी, मुळशी धरणाच्या काठावर मुक्कामाला गेलो. दिवस मावळायला आला तरी गाठ सुटेना.

"आई, कापू का?" मुलाने हळूच विचारलं.

"नाडीला कात्री लावायची नाही."

"मग आजी, आपण झोपायचं कुठे?" नात म्हणाली.

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक बाई म्हशींना पाण्यावर घेऊन आली. "आवं, नखं कशापायी मोडताय? दगडानं हळूहळू ठेचा. दाव्याची गाठ आमी अशीच सोडतो."

"ह्यांनी मारलेली शेवटची गाठ आहे," मी म्हणाले.

ती क्षणभर माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग एक गोटा उचलून माझ्या हातात दिला. "मंग तुमीच सोडा."

गाठ सैल झाली. तंबूच्या घडीत गेल्या वेळचं वाळलेलं गवत निघालं. रडू येईल असं वाटलं होतं, पण अंधाराआधी खुंट्या ठोकायच्या होत्या.

तुम्हीही कोणाचं असं काही न सोडता ठेवलं आहे का?

आज सकाळी तंबू वाळवला, गुंडाळला आणि त्याच नाडीने बांधला. नातीला ओढून सोडता येईल अशी सुरगाठ मारली.