पान्यांची अंगडी-टोपडी

“हे असले काळे पाने माझ्या डेकवर येणार नाहीत,” शेठ म्हणाला. “डाग पडतात.”

यॉट खालून भरत होती आणि मालकाला वरच्या डागाची काळजी.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. यॉट म्हणजे श्रीमंताची हौसेची बोट. मुंबईचा हा शेठ सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात आंघोळ करायला म्हणून समुद्रातून खाडीत शिरला आणि थेट दासगावपर्यंत वर आला. घरात नळ होते त्याच्या, तरी आला. इथे आल्यावर बोटीत पाणी दिसायला लागलं.

माझं गॅरेज महाडात, हायवेला. कशेडी घाट उतरून ब्रेक जाळून आलेले ट्रक हे माझं गिऱ्हाईक. यॉट मी लांबूनसुद्धा बघितली नव्हती. पण बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, हसनमिया, बाणकोटचा म्हातारा, धावत आला. “चल बाबा. उधाणाची भरती हाय. आज बोट निघाली नाय तर पुढच्या उधाणापर्यंत चिखलात. शेठ मला बोलला, मग तू इथूनच घरी जा. या वयात मला दुसरी बोट कोण देणार?”

गिऱ्हाईक मोठं, म्हणून मी पोतंभर पाने घेतले. डबा घेऊन माझी बायको सुमन पण आली. मी कामाच्या नादात जेवत नाय, असा तिचा कायमचा आरोप होता. खरा होता.

बिघाड साधा. बोटीच्या पंख्याचा दांडा मागून पाण्यात जातो. तो जातो तिथे दोरीचं पॅकिंग भरून वर ग्लँड, म्हणजे ते दाबून धरणारी चकती, आवळलेली असते. तिचे नट ढिले पडले होते. हसनमियाने शेठच्या पेटीतला पंधरा नंबरचा पाना लावून बघितला होता. नटाच्या कडा गोल व्हायला लागल्या होत्या.

पेटी बघण्यासारखी होती. लाल मखमल, त्यात चकचकीत पाने आणि गोट्या. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसते ती. शेठने एक उचलून दिली. “ही वापर. जर्मन आहे.”

“शेठ, इंजिन कुठलं?”

“इंग्लिश.”

“मग पेटी मिलिमीटरची आणि नट इंचाचे. चौदा बसत नाय, पंधरा फिरतो. इथे साडेचार सूत पायजे.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आम्ही त्यातच बोलतो. “आणि गोटी चालायची नाय. बोल्ट नटाच्या वर लांब आलाय, गोटी नटापर्यंत पोचणार नाय.”

“पण तुझे पाने गंजलेले आहेत.”

“गंज नाय, ऑइल हाय.”

“तेच. डाग पडेल.”

हसनमिया बादलीने पाणी उपसत होता आणि माझ्याकडे बघत होता. भरती चढत होती. शेठ हटत नव्हता. मी पोतं उचलून घरी निघणार होतो. सुमन खाडीच्या बांधावरून सगळं ऐकत होती.

“किती पाने लागतात?” तिने विचारलं.

“दोन. एक रिंग, गोल तोंडाचा. एक फिक्स, उघड्या तोंडाचा.”

“मग पोतं कशाला आणलंत?”

मी पोत्यातून ते दोन पाने काढून बाजूला ठेवले.

“त्यांना अंगडं-टोपडं घाला की. बाळंतिणीच्या पोरासारखं. डाग पडतोय कशाला?”

मला वाटलं थट्टा करतेय. तिने डब्याचं फडकं सोडलं. जुन्या फुलाफुलाच्या पातळाचं होतं. चंचीतून सुईदोरा काढला आणि बांधावर बसून दोन्ही पान्यांना अंगावर घट्ट पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी. काम करताना तोंड तेवढं उघडायचं.

शेठने पाने हातात घेऊन उलटसुलट बघितले. “व्हेरी नाइस. हे चालेल.” आतलं ऑइल तेच होतं.

खाली वाकून बसलो. रिंगने एक नट थोडा, मग दुसरा थोडा, असं आळीपाळीने आवळलं. मग ते नट फिक्सने धरून वरचे लॉकनट, म्हणजे खालचे ढिले पडू नयेत म्हणून बसवलेले नट, रिंगने घट्ट केले. धार थांबली, थेंब राहिला.

“अजून गळतंय!” शेठ ओरडला.

“गळू दे. त्या थेंबावर दांडा थंड राहतो. पुरतं आवळलं तर जळेल.”

भरतीला बोट निघाली. हसनमिया सुकाणूवर उभा होता. त्याने हात केला तो मला नाय, सुमनला.

निघण्याआधी शेठ तिला म्हणाला होता, “बाई, माझ्या सेटला पण शिवून द्या.”

“तुमचे पाने मखमलीत निजतात,” ती म्हणाली. “त्यांना कुठली थंडी?”

नव्या मेकॅनिकला मी एवढंच सांगतो. आधी नट बघा, मग पाना, मग मालक. पोतं घरी ठेवा.

सुमन गेल्या साली गेली. माझे हात कापतात, म्हणून पाने भाच्याला देऊन टाकले. तो म्हणाला, “मामा, ही फुलाफुलाची कव्हरं पण द्या.” म्हटलं, नाय. एकात चष्मा ठेवतो. दुसरं रिकामं हाय. ऑइलचा वास अजून गेला नाय. तो मी धुऊन काढणार पण नाय.