कुठले जाधव?

माझ्या बायकोचे हात मी भर बाजारात नाकारले. दुसऱ्या कुणी नाही. मी.

माझी कंत्राटी नोकरी सुटल्यापासून घर सुनंदाच्या फणसपोळीवर चालतं. बरका फणस फोडायचा, गरे चाळणीवर घासून रस काढायचा, तेल लावलेल्या ताटांत पसरून उन्हात वाळवायचा. मे महिनाभर तिच्या बोटांचा चीक सुटत नाही. रत्नागिरीच्या बाजारात ती पाटी घेऊन बसते. मी शेजारी बसून पाकिटं भरतो.

त्या दिवशी एका बाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले.

"अगदी माझ्या आईच्या हातची चव! आडनाव काय गो तुझं?"

"जाधव," सुनंदा म्हणाली.

"कुठले जाधव?"

आमच्याकडे हा प्रश्न गावाचा नसतो. जाधव मराठ्यांत असतात, आमच्यातही असतात. बाईंचा हात पर्सवर थांबला होता. सुनंदा सांगणारच होती. तिने कधी लपवलं नव्हतं. मीच मध्ये तोंड घातलं.

"पोळ्या वरच्या वाडीतल्या काकू करतात. ही नुसती विकायला बसते."

बाई हसल्या. चार पाकिटं घेऊन गेल्या.

घरी सुनंदा बोटांना खोबरेल चोळता चोळता म्हणाली, "लोक आपल्या हातचं खात नव्हते. तुम्ही तर माझे हातच काढून टाकलेत."



पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या. "त्या काकूंना सांगा, माझ्या जावेलापण हव्यात." पाकिटं उचललीसुद्धा.

"काकू कुणी नाहीत," मी म्हणालो. "पोळ्या हिनेच केल्यात. आम्ही बौद्धवाडीतले जाधव."

पाकिटं खाली आली.

"राहू देत मग. आमच्या ह्यांना शुगर आहे."

त्या गेल्या. मी पुटपुटलो, "चुकलो गं."

"हळू का?" सुनंदा म्हणाली. "खोटं तर मोठ्यानं बोललात."

खरं होतं. मी उभा राहिलो. यापुढे कुणी विचारायच्या आत मीच सांगणार. माल खपो, नाहीतर पाटी भरलेली घरी जावो. शेजारच्या मासेवाल्या माना वळवून बघू लागल्या.

"ही फणसपोळी सुनंदा जाधवच्या हातची आहे. बौद्धवाडीतली. मी खोटं बोललो होतो. सुनंदा, मला माफ कर."