अंगणासारखी वाट

आज माळ्याने कुंपण छाटलं आणि त्या ओल्या, हिरव्या वासाबरोबर जनूदादांवरचा जुना वैताग परत आला.

अलिबागकडच्या एका शांत बेटावर मी डोंगरातल्या बिकट वाटांचे फोटो काढायला गेलो होतो. मासिकाला काट्याकुट्यांची पायवाट हवी होती आणि परतीची होडी दुपारी दोनला होती. वर पोचलो तर वाट अंगणासारखी स्वच्छ. सोबतीला ठरवलेल्या म्हाताऱ्या जनूदादांनी सकाळीच कोयत्याने करवंदीच्या सगळ्या जाळ्या तोडून टाकल्या होत्या.

"अहो, काय केलंत हे? मला काटेच हवे होते."

"पावना येनार, न् वाट अशीच ठेवायची व्हय?"

मी कपाळाला हात लावला. त्यांनी कोयता खाली ठेवला. "काटं पायजेत तर आदी सांगायचं ना."

मग तोडलेल्या फांद्या ते उघड्या हातांनी एकेक करून वाटेवर परत मांडू लागले. मनगटापर्यंत रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या. मी घड्याळ बघत "अजून थोडं डावीकडे" म्हणत होतो.

फोटो छान छापून आले. खालची ओळ माझीच होती: माणसाचा हात न लागलेली वाट.