आगाऊ नोंदणीचं बेट

आई गेल्यानंतर दादाचे आणि माझे फोन कामापुरतेच राहिले होते. तो कॅनडात, मी बडोद्याला हरणी भागातल्या फ्लॅटमध्ये बाबांबरोबर. बाबांच्या गोळ्या, डॉक्टर काय म्हणाले, एवढं झालं की दोघंही गप्प. मग एकदा त्यानेच सुचवलं, "लहानपणी खेळायचो तसं काहीतरी खेळू या का?" बँकेत नोकरी करणारी, चाळिशीला टेकलेली मी, मला हसूच आलं. पण त्याने एका मित्राबरोबर खरंच टीव्हीला जोडायचा गेमचा डबा पाठवून दिला.

रविवारी सकाळी, त्याच्याकडे शनिवारची रात्र असायची तेव्हा, आम्ही खेळायला बसायचो. गेम साधाच. समुद्राकाठचं एक गाव, तिथे शेती करायची, होडी बांधायची, मासे धरायचे. बाबा शेजारी फाफडा खात टीव्हीकडे बघत बसायचे. मी हेडफोन लावून बोलायची. तिकडे पडद्यावर दादाचं माणूस भाजी लावायचं, इकडे मी त्याला सांगायची की बाबा आता बाथरूमचा दिवा कुठे आहे तेही विसरतात, परवा मला आईच्या नावाने हाक मारली. तो "हं" म्हणायचा. समोरासमोर बसून बोलल्यासारखं वाटायचं मला.

मग त्या गेमचा नवा भाग येणार असल्याची जाहिरात सुरू झाली. आगाऊ नोंदणी करणाऱ्याला एक खास बेट बक्षीस. गेम उघडला की आधी ते बेट दिसायचं, माडांची रांग, लाकडी घर. आम्ही दोघांनीही नोंदणी केली. त्याने तिकडच्या दुकानात, मी फतेगंजमधल्या. नव्या भागाचा डबा आला, आत बेटाच्या कोडचं कार्ड होतं. मी एकेक अक्षर तपासून टाकलं. पडद्यावर आलं, हा कोड तुमच्या प्रदेशात चालणार नाही. दादाचा कोड चालला.

दुकानदाराने डबा फिरवून कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरं दाखवली, बक्षीस भारतात लागू नाही. "बेन, आ तो कंपनीनी स्कीम छे. एमां हुं शुं करूं?"

"मग आगाऊ पैसे घेताना सांगायचं ना," मी म्हटलं.

"मनेय क्यां खबर हती?" त्यालाही ठाऊक नव्हतं म्हणे, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कंपनीला लिहिलं. आपल्या सहनशीलतेबद्दल आभार, असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. आणि गेम मात्र उघडल्याबरोबर रोज विचारायचा, तुमचं बेट तुमची वाट पाहतंय, निघायचं का?

त्या बेटावर फक्त बेट मिळालेल्यांनाच जाता यायचं. होडीत दादाबरोबर बसायला गेले की होडी मला उतरवून द्यायची. "पाच मिनिटांत येतो," म्हणून तो जायचा. मी धक्क्यावर उभी. हळूहळू त्याचं जाणं वाढलं. तिथे असताना त्याचा आवाजही ऐकू यायचा नाही.

एकदा बाबा कोणाला न सांगता घराबाहेर पडले. नागरवाड्याला, लहानपणीच्या घरी जायचंय म्हणून रिक्षा शोधत होते. सोसायटीच्या वॉचमनने हाताला धरून आणलं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. रविवारी मी दादाला ते सांगायला लागले. "बाबांना आता एकटं सोडता येत नाही रे, काहीतरी ठरवायला..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची होडी निघाली.

मी हेडफोन काढून सोफ्यावर टाकला. त्यानंतर कित्येक रविवार खेळले नाही. रागाला जागा हवी होती, ती मी कंपनीला दिली. बँकेत जेवायच्या सुट्टीत सहकाऱ्यांना ती फसवणूक इतकी रंगवून सांगायची की एकजण म्हणाली, "अगं, गेमच आहे ना तो?"

काही महिन्यांनी पुढचा भाग विकायची वेळ आली, तेव्हा कंपनीने तेच बेट सगळ्यांना फुकट वाटून टाकलं. मी गेले. एका दमात संपणारं बेट. माड, घर, एक बाक. घराचं दार उघडत नव्हतं. बाकावर दादाचं माणूस बसलेलं होतं.

"एवढंच आहे हे?" मी विचारलं.

"एवढंच."

"मग इतका वेळ काय करायचास इथे?"

तो म्हणाला, "बसायचो. तू भेटलीस की बाबांचं बोलतेस गं. मला ऐकवत नाही. इथे तुला येता यायचं नाही म्हणून यायचो."

"मला कुठे बेट आहे, दादा?" मी म्हटलं. "मी कुठे जाऊ?"

तो रडत होता की लाइन खराब होती, कळलं नाही. मी गेम बंद केला.

तो दिवाळीत येऊन गेला. बाबांनी त्याला आधी आमचा काका समजून जुन्या पतंगांच्या गोष्टी सांगितल्या. त्याने त्या नीट ऐकल्या, दुरुस्त केलं नाही. बाबांसाठी दिवसभराची बाई लावायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. जायच्या दिवशी विमानतळावर म्हणाला, "रविवारी खेळू या?"

"बघू," मी म्हटलं. अजून खेळलो नाही. फोन मात्र तो आता बाबांना करतो, आणि फोन चालू असेपर्यंत मी खाली सोसायटीच्या आवारातल्या बाकावर एकटीच जाऊन बसते.