फुग्याच्या बंदुकीवरची दुर्बीण

चाचांची बंदूक डावीकडं मारायची. यात्रेत फुगे फोडायचा गाडा लागतो ना, मागं फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा आणि पुढं छर्ऱ्याची बंदूक, तसला गाडा जुन्नरच्या या चाचांचा. कधीतरी टेम्पोतून सामान उतरवताना बंदूक पडली आणि नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारका खिळा, एका अंगाला वाकली. चाचांनी ती सरळ केली नाही. त्याऐवजी जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी आपला नेम वाकडा करून घेतला. लाल फुगा फोडायचा तर त्याच्या उजवीकडच्या फटीत धरायचं, छर्रा आपोआप फुग्यावर येतो. हे बाप पोराला शिकवायचा. गावाकडं विहिरीत पोहायला शिकवतात, तसं.

मी परभणीच्याही पुढचा. आठवीत शाळा सुटली, आणि काही वर्षांनी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायला आलो. हंगाम संपला, बरोबरचे परत गेले. मी चाचांच्या टेम्पोतून फळ्या उतरवायला एकदा हात लावला तो लावलाच. चाची जेवायला वाढताना म्हणायच्या, "पावणं, लाजू नका. भाकरी मोजायची रीत न्हाई आमच्यात." मी लाजत नव्हतो. उद्याही हे ताट मिळेल का, याची काळजी करत होतो. माझा स्वभावच तो. पोट भरलं की मला जास्त भीती वाटते.

ती भीती एका यात्रेत खरी व्हायला आली. गिऱ्हाईकानं शंका काढली, की गाडेवाल्यानं स्वतः एक फुगा फोडून दाखवायचा, अशी या धंद्याची पद्धत. चाचांनी बंदूक उचलली, बराच वेळ नेम धरला आणि छर्रा फळीच्या चौकटीत घुसला. दुसराही तिथंच. "चाचा, फुगं समोर हायेत, राव," कुणीतरी म्हणालं.

घरी येताना चाचा म्हणाले, "नेम धरायची मागची खाच दिसती तवा म्होरची माशी दिसत न्हाई. माशी दिसती तवा फुगा न्हाई. शिनोलीची यात्रा करू आन् गाडा मोडू. तू बी गावाकडं जा. आई वाट बघत आसंल."

आई वाट बघत होती हे खरं. पण गावात मला काम नव्हतं, आणि भावांची लग्नं झाल्यापासून त्या घरात माझी पथारी टाकायलाही जागा उरली नव्हती. मी नुसता "हो" म्हणालो आणि त्या दिवशी चाचींनी वाढलेल्या भाकऱ्या मनात मोजत जेवलो.

यात्रा नसल्या की चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्याच आठवड्यात वारूळवाडीचे एक द्राक्षबागवाले पंप घेऊन आले आणि सोबत एक छर्ऱ्याची बंदूक. पाखरं घाबरवायला त्यांनी ती हौसेनं घेतली होती. तिची स्प्रिंग तुटली होती, पण वर काळी दुर्बीण झकास होती. "पाखरं काय घाबरली न्हाईत," ते म्हणाले. "साळुंक्या या दुर्बिणीवर बसायच्या. बंदूक भंगारात टाका. दुर्बीण लागली तर ठेवून घ्या."

मला रात्रभर वाट बघायची नव्हती. ते गेटाबाहेर पडले तसं मी चाचांना म्हणालो, "खाच नको, माशी नको. यातून बघितलं तर फुगा आणि काचेतली फुली, दोनच गोष्टी दिसतात."

"आन् बसवणार कोण?"

"मी."

"येतंय का तुला?"

"नाही," मी म्हणालो. चाचा हसले, पण स्क्रूच्या पान्यांची पिशवी त्यांनीच काढून दिली.

दुर्बीण बसवणं दिसतं तेवढं सोपं नाही. बंदुकीच्या पाठीवर दोन बारीक खाचा असतात, त्यांत दोन कड्या आवळायच्या आणि कड्यांत दुर्बीण. एकाच बाजूचे स्क्रू आधी आवळले तर दुर्बीण कुशीवर वळते आणि आतली फुली तिरकी होते. म्हणून थोडा हा, थोडा समोरचा, असं फिरून फिरून आवळायचं. मी ओळंब्यासाठी दोऱ्याला नट बांधला आणि चाचींना तो अंगणात धरून उभं केलं. आतली उभी रेघ त्या दोऱ्यावर जुळवायची होती.

"जुळली का?" चाचींनी विचारलं.

"जरा तिरकी वाटती."

"रेघ तिरकी न्हाई, तुझी मान तिरकी हाय. आन् लवकर कर, माझं कालवण लागंल."

कालवण थोडं लागलंच. त्या दिवशी जेवताना चाचा प्रत्येक घासाला "रेघ सरळ हाय, कालवणाचं बघा" म्हणत होते.

मग नेम जुळवणं. घरामागं वाळूच्या पोत्यांची थप्पी लावली, तिच्यावर कागद. दुर्बीण आहे म्हटल्यावर मी हौसेनं पार कुंपणाजवळ जाऊन बसलो. छर्रे फुलीवर यायला लागले तसा मला फार आनंद झाला. चाचांनी विचारलं, "फुगं काय शिवनेरीवर लावणार हाईस?" त्यांनी गाडा मांडायची दोरी आणली. गिऱ्हाईक उभं राहतं त्या कठड्यापासून फळीपर्यंतचं अंतर त्या दोरीएवढंच असतं, सगळ्या यात्रांत. तिथून मारलं तर चित्र धूसर, आणि पुढच्या भिंगाचं कडं फिरवून ते साफ केलं तरी छर्रे दोन बोटं खाली आणि जरा डावीकडं. मी घाबरलो, काही मोडलं असं वाटलं. मोडलं काही नव्हतं. दुर्बीण माडीवर राहते आणि नळी तळमजल्यावर. लांबच्या रस्त्यावर दोघांची भेट मी घालून दिली होती, दारातच भेटा म्हटल्यावर ती चुकली. वरची चकती टक टक फिरवत छर्रे वर आणले, बाजूच्या चकतीनं डावीकडचे मधे घेतले. वाकड्या माशीला आता कुणी विचारत नव्हतं.

एक काळजी उरली. स्प्रिंगची बंदूक प्रत्येक बाराला झटका देते, आणि त्या झटक्यानं दुर्बीण हळूहळू मागं सरकते. म्हणून मागच्या कडीला पत्र्याचा अटकाव लावला आणि कडी जिथं बसते तिथं पेन्सिलनं रेघ मारली. सरकली तर कळेल. शिनोलीला पोचेपर्यंत ती रेघ मी इतक्यांदा बघितली, की चाचींनी विचारलं, "तिची दृष्ट काढू का?"

शिनोलीत पहिलंच गिऱ्हाईक एक जीपवाला होता. घोडेगाव ते भीमाशंकर गाडी चालवायचा आणि दर यात्रेला चाचांच्या गाड्यावर मिशीला पीळ देऊन जायचा. बायको बरोबर होती. त्यानं दुर्बिणीला डोळा लावला, "बायली, फुगा केवढा दिसतोय," म्हणाला आणि चाप ओढला. फळीवर टक. पुन्हा टक. सगळे छर्रे दोन फुग्यांच्या बरोबर मधे, ओळीनं, खिळे ठोकल्यासारखे.

"बंदूक बिघडली, राव. कुणी हात लावला हिला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मागचे दोघंही जुने नेमबाज निघाले आणि तेही चुकले. मी वाकून पेन्सिलची रेघ बघितली. कडी रेघेवरच होती, केसभर हललेली नव्हती. मनात मी माझी पिशवी भरायलासुद्धा घेतली होती.

तेवढ्यात जीपवाल्याची बायको म्हणाली, "मी बघू का?"

"तुला काय येतंय? आयुष्यात हातात धरली न्हाईस."

"म्हणून तर बघते."

तिनं पदर खोचला, मला विचारलं, "फुली कुठं ठेवायची, भाऊ?" मी म्हणालो, "जो फोडायचा त्याच्यावरच." तिनं तशीच ठेवली. पिवळा फुगा फुटला. मग त्याच्या शेजारचा. मग नवऱ्याला ज्याची फट सापडली होती तो.

कुणी काही बोलायच्या आत चाची कठड्यामागून म्हणाल्या, "बंदूक नीट हाय. तुमाला वाकडं धरायची सवय लागलीया."

त्या दिवशी गाड्यापुढं जी गर्दी झाली, तशी मी तरी बघितली नव्हती. बायका येत, फुगे फोडत आणि नवऱ्यांना पुढं ढकलत. नवरे शपथा घेऊन नीट धरत आणि चाप ओढताना हात आपोआप उजवीकडच्या फटीत जाई. एक आजोबा तीनदा रांगेत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "आमी न्हाई बदलायचो आता. जुनी बंदूक बी ठेवा की शेजारी, म्हाताऱ्यांसाठी."

ऊन उतरल्यावर कुणीतरी शंका काढलीच. "चाचा, तुमी फोडून दावा." धंद्याची पद्धत. मी नळी खाली वाकवून छर्रा भरला, बंदूक चाचांच्या हातात दिली. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"दिसतोय का?" मी विचारलं.

"दिसतोय," ते हळू म्हणाले. "गाठ मारलेली बी दिसतीया. वाकडीतिकडी मारलीस."

मग चाप ओढला. टक. उजवीकडच्या फटीत, जीपवाल्याच्या छर्ऱ्यांच्या ओळीत, अगदी नीट बसला.

सगळ्यात मोठ्यानं जीपवाला हसला, आणि त्याच्यामागं चाचा स्वतः. डोळे पुसत त्यांनी बंदूक माझ्याकडं दिली.

फळ्या उतरवताना मी गाडा मोडायचं विचारावं की नाही, या विचारात होतो. नेहमी मी ज्या फळ्या आधी बांधतो त्याच पुन्हा पुन्हा बांधत होतो. चाचा टेम्पोच्या फाळक्यावर बसले होते.

"पावणं," ते म्हणाले, "बंदूक तू सरळ केलीस. आता ही माणसं सरळ व्हायला पाच-सहा यात्रा तरी जातील. आन् त्यात पहिला मी हाय. तवर कुठं निघालास?"

"कुठं नाही," मी म्हणालो.

"मग त्या रेघेकडं बघायचं सोड आन् दोरी आवळ. परवा आळ्याच्या यात्रेत मांडायचंय."

मी दोरी आवळली. रेघ मात्र आळ्याला पोचेपर्यंत एकदा बघितलीच.